लोह वाढलेलं, त्यात दारू : हेमिंग्वे यांच्या यकृतावर दुहेरी मार?

पहूर (ता. जामनेर) : रक्ताचा रिपोर्ट हातात आला की आपली नजर आधी हिमोग्लोबिनवर जाते. कमी दिसलं की लोहाच्या गोळ्या सुरू. पण शरीरात लोह जास्त झालं तर? ‘द ओल्ड मॅन अँड द सी’चे लेखक अर्नेस्ट हेमिंग्वे यांच्या आयुष्यात हा प्रश्न फार उशिरा आला.

२१ जुलै १८९९ ला शिकागोजवळच्या ओक पार्कमध्ये त्यांचा जन्म झाला. वडील डॉक्टर होते. त्यांना मधुमेह आणि नैराश्य होतं; १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. मुलगा पत्रकार झाला, पहिल्या महायुद्धात इटलीत रुग्णवाहिकेवर गेला आणि जखमी झाला. पुढे पॅरिस, स्पेन, क्युबा असा प्रवास झाला. दारू सगळीकडे सोबत होती. १९५४ च्या जानेवारीत आफ्रिकेत लागोपाठ दोन विमान अपघात झाले. त्यात यकृतालाही मार बसला. त्याच वर्षी नोबेल मिळालं. डॉक्टरांनी दारू कमी करायला सांगितलं. काही दिवस कमी झाली, मग पुन्हा सुरू.

१९६० च्या नोव्हेंबरअखेर ते अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये दाखल झाले. कारण होतं रक्तदाब आणि खोल नैराश्य. तिथे डॉक्टरांना हिमोक्रोमॅटोसिसची, म्हणजे लोह साठत जाण्याच्या आनुवंशिक आजाराची शंका आली. काही चरित्रकार तर ते पक्कं निदानच मानतात. २ जुलै १९६१ ला हेमिंग्वे यांनीही वडिलांसारखंच आयुष्य संपवलं. ते लोहामुळेच घडलं, असं मात्र म्हणता येत नाही.

दारूने नेमकं काय होतं?

पाण्याच्या टाकीचं उदाहरण घ्या. शरीरात साधारण ३ ते ४ ग्रॅम लोह असतं आणि जादा लोह बाहेर टाकायला ‘ओव्हरफ्लो’चा पाइपच नसतो. आत येणारं लोह रोखणारा व्हॉल्व्ह म्हणजे यकृतात तयार होणारं हेप्सिडिन. या आजारात हा व्हॉल्व्ह आधीच ढिला असतो. दारू हेप्सिडिन आणखी कमी करते, शिवाय यकृताच्या पेशी थेट जाळते. ऑस्ट्रेलियातल्या २००२ च्या अभ्यासात, हा आजार असून रोज ६० ग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल घेणाऱ्यांमध्ये सिरोसिसचं प्रमाण सुमारे ९ पट आढळलं. ६० ग्रॅम म्हणजे किती? हिशेब केला तर व्हिस्कीची एक क्वार्टर!

युरोपीय वंशाच्या लोकांत दिसणारा या आजाराचा नेहमीचा जनुकदोष भारतात दुर्मिळ आहे. आपल्याकडे लोह साठतं ते मुख्यतः वारंवार रक्त चढवल्याने. थॅलेसेमियाच्या रुग्णांत हे नेहमीचं. सातपुड्यालगत आढळणाऱ्या सिकलसेलच्या काही रुग्णांतही होतं. त्यांना लोह बाहेर काढणारी औषधं देतात. आनुवंशिक आजारात ठरावीक अंतराने रक्त काढून घेतात, उपाय इतका साधा.

शंका असेल तर फेरिटिन आणि ट्रान्सफरिन सॅच्युरेशन या रक्ततपासण्या डॉक्टरांना विचारून करा. तोवर मेडिकलमधून मनाने लोहाचं टॉनिक आणू नका. यकृताला इजा झालेली असेल, तर थोडी घेतली तर चालते हा हिशेब इथे लागू होत नाही. दारू पूर्ण बंद. घरात एकाला हिमोक्रोमॅटोसिस निघाला, तर सख्ख्या भावंडांचीही तपासणी करावी लागते.