विल्यम बँटिंग: लो-कार्ब डाएट गाजवणारा आणि रोज वाईन पिणारा माणूस

भात, पोळी, साखर बंद करून वजन उतरवायचं, ही कल्पना आजची वाटते ना? पण दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी लंडनच्या एका व्यावसायिकाने ती घरोघरी पोहोचवली होती. त्याचं नाव विल्यम बँटिंग.

बँटिंगचा जन्म १७९६ चा. घराण्याचा व्यवसाय अंत्यसंस्काराची व्यवस्था पाहण्याचा, आणि गिऱ्हाईक थेट ब्रिटिश राजघराणं! ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या अंत्ययात्रेचं कामही त्यांच्याकडेच होतं. पैसा, प्रतिष्ठा सगळं होतं, पण वाढत्या वजनाने तो हैराण झाला. उंची सुमारे १६५ सेंटिमीटर आणि वजन जवळपास ९२ किलो. बुटाची नाडी बांधता येईना, जिना उलटं होऊन उतरावा लागे. नदीत होडी वल्हवून पाहिली, तर भूकच वाढली! वाफेची स्नानंही करून झाली.

१८६२ मध्ये ऐकू कमी येतं म्हणून तो कानाचे डॉक्टर विल्यम हार्वी यांच्याकडे गेला. हार्वींनी पॅरिसमध्ये क्लोद बर्नार यांचं यकृत आणि साखर यांवरचं व्याख्यान ऐकलं होतं. त्यांनी पाव, लोणी, दूध, साखर, बटाटे आणि बिअर बंद केली. मांस, मासे, भाज्या आणि थोडी फळं खायला सांगितली. साधारण वर्षभरात बँटिंगचं वजन २१ किलोंनी उतरलं. १८६३ मध्ये त्याने स्वखर्चाने एक पुस्तिका छापून वाटली आणि ती तुफान गाजली. स्वीडिश भाषेत डाएट करण्याला आजही 'बांटा' म्हणतात!

गंमत म्हणजे या आहारात दारू होती. दुपारी दोन-तीन ग्लास वाईन, रात्री आणखी एक-दोन, वाटल्यास झोपताना बिनसाखरेची जिन किंवा व्हिस्की. बंदी होती ती बिअर, शॅम्पेन आणि पोर्टवर.

मग दारूने वजन वाढत नाही का? वाढतं. कर्बोदकांच्या एका ग्रॅममध्ये ४ कॅलरी असतात, अल्कोहोलच्या एका ग्रॅममध्ये ७. व्हिस्कीत कर्बोदकं जवळजवळ शून्य, तरी ६० मिलीच्या पेगमध्ये सुमारे १४० कॅलरी असतात. शिवाय शरीराला अल्कोहोल साठवता येत नाही. त्यामुळे ते आधी जाळलं जातं आणि तोवर चरबी जळणं मंदावतं. सोबतचा चखणा वेगळाच!

बँटिंगचं वजन उतरलं, कारण लोणी लावलेला पाव, गोड पदार्थ, दुधा-साखरेचा चहा आणि बिअर एकदम सुटली. वाईनच्या कॅलरी धरूनही एकूण खाणं घटलं असणार. आजच्या मापाने चार ग्लास रेड वाईन म्हणजे सुमारे ५०० कॅलरी. एरवी मोजून खाणाऱ्याची दिवसभराची बचत तेवढ्यानेच संपू शकते.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी काही औषधं घेणाऱ्यांना तर कमी कर्बोदकं आणि दारू एकत्र आल्यास रक्तातली साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय असा प्रयोग करू नये.

बँटिंगने पुस्तिकेचा नफा दानधर्माला दिला. १८७८ मध्ये, वयाच्या ८१व्या वर्षी त्याचं निधन झालं. त्याच्याकडून घ्यायचं असेल तर पाव आणि साखर सोडण्याचा निग्रह घ्या, वाईनचे ग्लास नकोत!