पॉल म्युलर आणि न मरणारे डास

बाझलचे स्विस रसायनशास्त्रज्ञ पॉल म्युलर (१८९९-१९६५) यांनी शेकडो संयुगे माश्यांवर तपासली आणि १९३९ मध्ये डीडीटीची कीटकनाशक शक्ती ओळखली. हे संयुग १८७४ मध्येच तयार झाले होते. उपयोग कुणाला ठाऊक नव्हता. भिंतीवर एकदा फवारले की महिनोन्‌महिने डास मरत, हिवताप ओसरे. डॉक्टर नसूनही म्युलरना १९४८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले, ते योग्यच. पण १९५१ मध्येच ग्रीसमधले ॲनोफेलिस डीडीटीला दाद देईनासे झाले. डास काही शिकत नाहीत. विष मोडणारी विकरे जन्मतःच जास्त असलेले थोडे वाचतात आणि पुढची पिढी त्यांचीच वाढते. १९५९ मध्ये तत्कालीन मुंबई राज्यातील पंचमहालातही असे डास आढळले. पुढे भारतात फवारणीची औषधे बदलत मॅलॅथिऑन, पायरेथ्रॉइडपर्यंत जावे लागले.