वॉल्टच्या अंगणातली झुकझुक गाडी

कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये शिरताना सगळ्यात आधी काय दिसतं, आठवतं का? किल्ला नाही हं! आधी दिसतं रेल्वे स्टेशन. असं का, हे समजून घ्यायचं तर आपल्याला वॉल्ट डिस्नेच्या घरामागच्या अंगणात जायला हवं.

वॉल्टचा जन्म १९०१ साली शिकागोमध्ये झाला. तो चार वर्षांचा असताना घरचे सगळे मिसूरी राज्यातल्या मार्सलीन गावी शेती करायला गेले. गावातून रेल्वे जायची आणि वॉल्टचे एक नातेवाईक, माइक मार्टिन, त्या रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते. मग काय, वॉल्टला गाडीचं वेडच लागलं. मोठा होत असताना एका उन्हाळ्यात त्यानं धावत्या गाडीत वर्तमानपत्रं आणि खाऊ विकला. धंदा काही जमला नाही, पण वेड गेलं नाही.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे: मिकी माउस, सिनेमे, नाव, पैसा. आणि भरपूर थकवाही.

चाळिशी उलटल्यावर त्यानं लॉस एंजेलिसमध्ये नवं घर बांधलं. त्या अंगणात त्याला खरीखुरी, कोळशावर चालणारी छोटी आगगाडी हवी होती. इंजिन खऱ्या इंजिनाच्या आठव्या हिश्शाएवढं. दोन रुळांमधलं अंतर फक्त सव्वासात इंच! पण रूळ मात्र जवळजवळ अर्धा मैल लांब. त्याच्या स्टुडिओतले रॉजर ब्रॉगी हे यंत्रांचे जाणकार. त्यांनी आणि त्यांच्या कारागिरांनी इंजिन तयार केलं. वॉल्टही त्यांच्याकडून काम शिकला आणि शेवटचा, म्हणजे गार्डचा डबा त्यानं स्वतःच्या हातांनी बनवला. आत इवलीशी शेगडीसुद्धा होती, बरं का!

एक अडचण होती. बायकोची, म्हणजे लिलियनची, फुलझाडं रुळांच्या वाटेत येत होती. वॉल्टनं गमतीनं एक कायदेशीर कागद तयार करून घेतला, की घरच्यांनी रुळांना जागा द्यावी. आणि फुलांच्या खालून चक्क बोगदा काढला, तोही वळणाचा. आत शिरल्यावर दुसरं टोक दिसायचंच नाही. इंजिनाचं नाव ठेवलं लिली बेल. ते लिलियनवरूनच, हे तुम्ही ओळखलं असेलच!

१९५० साली गाडी सुरू झाली. पाहुणे डब्यांवर बसायचे आणि वॉल्ट ड्रायव्हरची टोपी घालून गाडी हाकायचा.

मग १९५३ साली अपघात झाला. एक पाहुणा गाडी चालवत होता. वळणावर गाडी उलटली, इंजिनातली गरम वाफ बाहेर आली आणि एक लहान मुलगी भाजली. वॉल्टनं गाडी बंद केली. इतकी वर्षं जपलेली हौस त्यानं तिथेच थांबवली. मला वॉल्टच्या गोष्टीतला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

गाड्यांचं वेड मात्र संपलं नव्हतं. १९५५ साली डिस्नेलँड उघडलं, तेव्हा सगळ्या बागेभोवती वाफेची गाडी फिरत होती. ती खूप मोठी होती, आणि चालवणारेही शिकलेले होते.

१९६६ साली वॉल्ट गेला आणि १९९७ साली लिलियन. त्यानंतर घर विकलं गेलं. अंगणात लाल रंगाचं एक कोठार होतं. मार्सलीनच्या शेतावरच्या कोठाराची आठवण म्हणून वॉल्टनं ते बांधलं होतं. तिथे बसून तो डबे घडवायचा. ते पाडलं जाणार होतं, पण त्याच्या मुलीनं, डायननं, ते वाचवलं. सगळं सुटं करून ग्रिफिथ पार्कमध्ये नेलं आणि १९९९ साली पुन्हा उभं केलं. तिथे छोट्या आगगाड्यांची हौस असणारी मंडळी आधीपासूनच होती. आता महिन्यातल्या एका रविवारी स्वयंसेवक ते उघडतात. आत जायला तिकीट लागत नाही. वॉल्टची हत्यारं तुम्हाला तिथे बघता येतात, आणि बाहेर छोट्या गाड्यांची शिट्टी ऐकू येते.