महाप्राण जोगेंद्रनाथ मंडल : हमीविना मिळालेले मंत्रिपद

संविधान दिन आला की आपल्या वस्त्यावस्त्यांतून होणाऱ्या व्याख्यानांत बंगालच्या जोगेंद्रनाथ मंडल यांचे नाव एकदा तरी निघते. बाबासाहेबांना बंगालमधून घटना समितीवर पाठविणारा माणूस, एवढ्या एका वाक्यात वक्ते त्यांना आटोपतात आणि पुढे सरकतात. पण मंडल यांचे आयुष्य तेथे संपले नाही. ते पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री झाले आणि अवघ्या तीन वर्षांत राजीनामा देऊन भारतात परतले. हा उरलेला भाग आम्ही सांगत नाही, म्हणून आमचे विरोधक तो सांगतात आणि दलितांनी मुसलमानांशी हातमिळवणी केली तर असेच होणार, असा त्याचा अर्थ आपल्या तरुणांच्या गळी उतरवतात. तेव्हा महाप्राणांचे चरित्र आपणच पूर्ण सांगितले पाहिजे, आणि कायद्याच्या अंगाने सांगितले पाहिजे, असे आम्हाला वाटते.

पूर्व बंगालच्या बाकरगंज जिल्ह्यातील मैस्तारकांदी या गावी २९ जानेवारी १९०४ रोजी एका नामशूद्र कुटुंबात जोगेंद्रनाथांचा जन्म झाला. सरकारी दप्तरात या समाजाची नोंद एके काळी चांडाळ अशी होत असे. दीर्घ लढ्यानंतर १९११ च्या जनगणनेत ती नामशूद्र अशी झाली. ओराकांदीच्या हरिचंद ठाकूर आणि त्यांचे पुत्र गुरुचंद ठाकूर यांच्या मतुआ चळवळीने या समाजात शिक्षणाची आणि स्वाभिमानाची ओढ निर्माण केली होती. त्याच मातीत वाढलेल्या जोगेंद्रनाथांनी गरिबीशी झुंजत शिक्षण घेतले आणि १९३४ साली कायद्याची पदवी मिळविली.

१९३७ च्या निवडणुकीत बंगालच्या विधानसभेत २५० जागा होत्या आणि पुणे करारामुळे त्यांतील ३० जागा अनुसूचित जातींसाठी राखीव होत्या. मंडल मात्र राखीव जागेवर उभे राहिले नाहीत. त्यांनी खुल्या जागेवर अपक्ष म्हणून अर्ज भरला आणि काँग्रेसच्या सवर्ण उमेदवाराला पाडले. सुरुवातीची काही वर्षे ते बोस बंधूंच्या सहवासात होते. पण सवर्ण नेतृत्वाच्या राजकारणात आपल्या समाजाचा वाटा नाही हे ओळखून ते बाबासाहेबांकडे वळले. १९४३ मध्ये ते ख्वाजा नाझिमुद्दीन यांच्या मंत्रिमंडळात मंत्री झाले आणि त्याच वर्षी त्यांनी बंगालमध्ये शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनची शाखा उभारली.

ते मुस्लीम लीगकडे का गेले, याचे उत्तर भावनेत नाही, हिशेबात आहे. पूर्व बंगालचा नामशूद्र आणि तेथील मुसलमान हे दोघेही बहुतांशी गरीब शेतकरी होते आणि दोघांच्या मानेवर जमीनदार बहुधा सवर्ण हिंदूच होता. दुसरे असे, की पुणे कराराच्या संयुक्त मतदारसंघात राखीव जागेचा निकाल सवर्ण मतदार ठरवीत. १९४६ च्या निवडणुकीत त्याचाच फटका फेडरेशनला देशभर बसला. बंगालमध्ये फेडरेशनचे एकटे मंडलच निवडून आले. कॅबिनेट मिशननेही हेच आकडे पुढे करून फेडरेशनचे म्हणणे बाजूला सारले.

अशा पडत्या काळात मंडल यांनी ते ऐतिहासिक काम केले. घटना समितीचे सदस्य प्रांतिक विधानसभांचे आमदार निवडणार होते आणि मुंबई प्रांतात बाबासाहेबांसाठी सर्व दारे बंद होती. मंडल यांनी बंगालमधून त्यांची उमेदवारी उभी केली आणि इतर अनुसूचित आमदारांची मते जमवून जुलै १९४६ मध्ये त्यांना निवडून आणले. फाळणीत पूर्व बंगाल पाकिस्तानात गेला आणि बाबासाहेबांची ती जागा गेली. मग मुंबई प्रांतातून बॅ. जयकर यांच्या रिकाम्या जागेवर ते पुन्हा निवडून आले. पण पहिले दार मंडल यांनी उघडले होते. हे ऋण आम्ही विसरू शकत नाही.

ऑक्टोबर १९४६ मध्ये हंगामी सरकारात लीगने आपल्या पाच प्रतिनिधींत मंडल यांचे नाव दिले आणि त्यांच्याकडे कायदा खाते आले. १० ऑगस्ट १९४७ रोजी कराचीत पाकिस्तानच्या घटना समितीची पहिली बैठक भरली, तेव्हा हंगामी अध्यक्ष म्हणून मंडलच खुर्चीवर होते. दुसऱ्या दिवशी जिना अध्यक्ष झाले आणि नागरिकाच्या धर्माशी राज्यकारभाराला काही कर्तव्य नाही, अशा अर्थाचे आश्वासन त्यांनी सभागृहात दिले. मंडल पाकिस्तानचे पहिले कायदा व मजूर मंत्री झाले. एकाच फेडरेशनचे दोन वकील शेजारच्या दोन नव्या राष्ट्रांचे पहिले कायदामंत्री झाले, अशी घटना जगाच्या इतिहासात विरळाच म्हणावी लागेल.

येथून दोघांच्या वाटा फुटल्या. नोव्हेंबर १९४७ मध्येच बाबासाहेबांनी पाकिस्तानातील अनुसूचित जातींना मिळेल त्या मार्गाने भारतात येण्याचे आवाहन केले आणि लीगवर भिस्त ठेवू नका असे बजावले. कराचीतील सफाई कामगारांना अत्यावश्यक सेवेच्या नावाखाली अडकवून ठेवले जात होते आणि त्याबद्दल बाबासाहेबांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले होते. मंडल मात्र जिनांच्या शब्दावर विसंबून राहिले. ११ सप्टेंबर १९४८ रोजी जिना वारले आणि तो शब्दही त्यांच्याबरोबर गेला. त्या शब्दाला कायद्याचा आधार कुठे होता? तो कोणत्याही कलमात नव्हता आणि तो घेऊन कोणत्याही न्यायालयात जाता येत नव्हते.

१२ मार्च १९४९ रोजी पाकिस्तानच्या घटना समितीने उद्दिष्टांचा ठराव संमत केला. विश्वाची सार्वभौम सत्ता अल्लाची आहे आणि लोकशाही, समता व सामाजिक न्याय ही तत्त्वे इस्लामने सांगितल्याप्रमाणे पाळली जातील, असा त्याचा आशय होता. अल्पसंख्याकांसाठी पुरेशी तरतूद करण्याचेही त्यात म्हटले होते. विरोधी बाकांवरील हिंदू सदस्यांनी दुरुस्त्या सुचविल्या, त्या फेटाळल्या गेल्या. ज्याचा समाज या ठरावाने पाहुणा ठरला, तोच माणूस त्या राज्याचा कायदामंत्री होता. त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला आपल्या घटना समितीतही उद्देशिका ईश्वराच्या नावाने सुरू करावी अशी दुरुस्ती मांडली गेली. मतदान झाले, ४१ विरुद्ध ६८ मतांनी ती पडली आणि आपली उद्देशिका भारताच्या लोकांपासून सुरू झाली. हा फरक शब्दांचा नाही. सत्तेचा उगम लोकांत असेल तर लोकांतला शेवटचा माणूसही तिचा मालक असतो. उगम धर्मात असेल, मग तो धर्म कोणताही असो, तर त्या धर्माबाहेरच्या माणसाला जे मिळते ते दान असते. दान देणारा हात ते परतही घेऊ शकतो.

ते परत घेतले गेले. डिसेंबर १९४९ मध्ये खुलना जिल्ह्यातील कालशिरा या नामशूद्र गावावर हल्ला झाला. फेब्रुवारी १९५० मध्ये ढाका, बारिसाल आणि पूर्व बंगालच्या इतर भागांत भीषण दंगली उसळल्या. ज्यांच्या भरवशावर मंडल मंत्री झाले होते तीच माणसे घरेदारे सोडून सीमेकडे निघाली. एप्रिलमध्ये नेहरू-लियाकत करार झाला, पण अंमलबजावणी करणारे हात तेच होते. मंत्री असूनही मंडल एका ठाणेदाराला हलवू शकत नव्हते. ८ ऑक्टोबर १९५० रोजी त्यांनी कलकत्त्याहून पंतप्रधान लियाकत अली खान यांना दीर्घ राजीनामापत्र पाठविले. त्यात गावांची नावे आहेत, तारखा आहेत, अत्याचारांचा तपशील आहे. एका वकिलाने आपल्याच सरकारविरुद्ध दाखल केलेले ते आरोपपत्र होय. वर्षभराने, सप्टेंबर १९५१ मध्ये, हिंदू कोड बिलावरून बाबासाहेबांनीही राजीनामा दिला. पण बाबासाहेब मंत्रिमंडळाबाहेर पडले तेव्हा मागे ३२ वे कलम उभे होते, ज्याने सामान्य माणसाला थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येते. मंडल बाहेर पडले तेव्हा मागे काहीच उभे नव्हते. त्यांचे पद गेले आणि समाजाचे संरक्षण त्याच दिवशी संपले.

पुढे पाकिस्तानचे काय झाले? १९५४ साली गव्हर्नर जनरल गुलाम मोहम्मद यांनी घटना समितीच बरखास्त केली. अध्यक्ष तमिझुद्दीन खान न्यायालयात गेले, सिंधच्या न्यायालयात जिंकले. १९५५ मध्ये फेडरल कोर्टाने तो निकाल फिरविला. समितीने केलेल्या ज्या कायद्याने न्यायालयाला रिटचा अधिकार दिला होता, त्याला गव्हर्नर जनरलची संमती नव्हती, हे कारण दिले गेले. एकट्या न्यायमूर्ती कॉर्नेलियस यांनी विरोधी मत नोंदविले, आणि ते अल्पसंख्य ख्रिस्ती समाजाचे होते. १९५६ साली घटना आली, राष्ट्राध्यक्ष मुसलमानच असावा ही अट तीत होती. १९५८ मध्ये लष्करी कायदा आला आणि ती घटनाही गेली. साऱ्या देशासाठी प्रौढ मताधिकाराची पहिली निवडणूक व्हायला १९७० साल उजाडले. अल्पसंख्याकांपासून सुरू झालेली वाळवी बहुसंख्याकांच्या घरापर्यंत पोहोचली. एकाच्या हक्काचे कुंपण तोडले की सगळ्यांचे शेत उघडे पडते, ते असे.

भारतात परतलेल्या मंडल यांचे स्वागत कोणी केले नाही. येथील सवर्ण राजकारणी त्यांना पाकिस्तानवादी म्हणून हिणवीत राहिले. कलकत्त्यात राहून ते निर्वासितांसाठी झगडले, पण निवडणुकांत त्यांना यश आले नाही. ५ ऑक्टोबर १९६८ रोजी सीमेजवळच्या बनगाव येथे त्यांचा मृत्यू झाला. त्यांचे समाजबांधव दंडकारण्यात आणि इतरत्र विखुरले. आपल्या गडचिरोली-चंद्रपूर भागातही त्या बंगाली निर्वासितांच्या वसाहती आहेत. ३४१ व्या कलमाखालील याद्या राज्यवार असतात, म्हणून पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातीत मोडणारा नामशूद्र महाराष्ट्राच्या यादीत नाही. बाबासाहेबांना घटना समितीवर पाठविणाऱ्या समाजाची लेकरे आमच्याच राज्यात त्या घटनेच्या एका यादीबाहेर उभी आहेत. याची लाज कोणाला वाटते काय?

महाप्राणांना दोषी किंवा भोळे ठरवून मोकळे होणे सोपे आहे. त्यांनी शोषितांची एकी साधण्याचा प्रयत्न केला, ती दिशा चुकीची होती असे आम्ही म्हणणार नाही. चूक झाली ती शब्दावर विश्वास ठेवण्यात, लेखी आणि न्यायालयात बजावता येईल अशी हमी हाती नसताना पद स्वीकारण्यात. आज आमच्यातले कितीतरी आमदार-खासदार कुणाच्या तरी तिकिटावर येतात, कुणाच्या तरी मर्जीने मंत्री होतात आणि अत्याचार झाला की पक्षाचा व्हीप पाहून गप्प बसतात. त्यांना वाटते आपण सत्तेत आहोत. मंडल यांनाही तसेच वाटले होते. फरक एवढाच, की मंडल यांनी शेवटी सत्य लिहून खुर्ची सोडली. आमच्यापैकी किती जणांत ती हिंमत आहे?

म्हणून संविधानावर घाला येतो तेव्हा तो केवळ एका ग्रंथावरचा घाला समजू नका. उद्देशिकेतील लोक हा शब्द, १३ व्या आणि ३२ व्या कलमांची ताकद, आणि संसदेलाही मूलभूत चौकट मोडता येत नाही हे १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यातील तत्त्व, हेच आमचे कुंपण आहे. हे कुंपण नसते तर काय होते, ते पाहायला दूर जाण्याची गरज नाही. मैस्तारकांदीच्या वकिलाने ते आपल्या आयुष्याने दाखवून दिले आहे. संविधान दिनाच्या व्याख्यानांत यापुढे महाप्राणांना एका वाक्यात आटोपू नका. त्यांची पूर्ण कहाणी सांगा.

जयभीम!