आसा ग्रे

आसा ग्रे (जन्म : १८ नोव्हेंबर १८१०, सॉक्वॉइट, न्यू यॉर्क, मृत्यू : ३० जानेवारी १८८८, केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स) हे एकोणिसाव्या शतकातील अग्रगण्य अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ होते. उत्तर अमेरिकेतील वनस्पतींच्या शास्त्रशुद्ध वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना होते. चार्ल्स डार्विन यांच्या नैसर्गिक निवडीच्या सिद्धांताचे ते अमेरिकेतील प्रमुख पुरस्कर्ते होते. ग्रे श्रद्धाळू ख्रिस्ती होते. उत्क्रांती मान्य केल्याने ईश्वरावरील श्रद्धा सोडावी लागत नाही, ही भूमिका त्यांनी अखेरपर्यंत मांडली.

प्रारंभिक जीवन व शिक्षण

ग्रे यांचे वडील मोझेस ग्रे यांचा कातडी कमावण्याचा व्यवसाय होता. आठ भावंडांत आसा सर्वांत थोरले होते. फेअरफील्ड येथील वैद्यकीय महाविद्यालयातून १८३१ साली त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली. तथापि विद्यार्थिदशेतच वनस्पतींचा छंद जडल्याने वैद्यकीय व्यवसायात ते फार काळ रमले नाहीत. न्यू यॉर्कमधील वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन टॉरी यांचे साहाय्यक म्हणून त्यांनी काम सुरू केले. दोघांनी मिळून उत्तर अमेरिकेच्या वनश्रीवरील ग्रंथ १८३८ पासून भागाभागांनी प्रसिद्ध केला. टॉरी कुटुंबाच्या सहवासात ग्रे यांची धर्मश्रद्धा दृढ झाली व ते प्रेस्बिटेरियन पंथाचे अनुयायी बनले.

१८३८ साली मिशिगन विद्यापीठात त्यांची प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. विद्यापीठासाठी ग्रंथखरेदी करण्यास ते युरोपात गेले, परंतु तेथे अध्यापन करण्याचा योग कधीच आला नाही. या दौऱ्यात पॅरिस येथे आंद्रे मिशो यांच्या जुन्या संग्रहात त्यांना एक अनामिक वनस्पती आढळली. तिचे त्यांनी ‘शॉर्टिया’ असे नामकरण केले. अमेरिकेत ती प्रत्यक्ष सापडण्यास १८७७ साल उजाडावे लागले.

हार्वर्डमधील कार्य

१८४२ साली ग्रे हार्वर्ड विद्यापीठात निसर्गेतिहासाचे प्राध्यापक झाले. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या उत्तर भागातील वनस्पतींवरील त्यांची हस्तपुस्तिका १८४८ साली प्रसिद्ध झाली. तिच्या सुधारित आवृत्त्या त्यांच्या मृत्यूनंतरही निघत राहिल्या. त्याच वर्षी जेन लोरिंग यांच्याशी त्यांचा विवाह झाला. देशभरातील संग्राहक, लष्करी मोहिमा व सर्वेक्षण पथके वाळवलेले नमुने त्यांच्याकडे पाठवीत. १८६४ साली त्यांनी सुमारे २,००,००० नमुने व २,२०० ग्रंथ हार्वर्डला दान केले. हाच संग्रह पुढे ‘ग्रे हर्बेरियम’ या नावाने प्रसिद्ध झाला.

डार्विन यांच्याशी संबंध

वनस्पतींच्या भौगोलिक वितरणाविषयी डार्विन यांनी ग्रे यांच्याकडे विचारणा सुरू केली आणि त्यातून आयुष्यभराचा पत्रव्यवहार घडला. दोघांमधील सुमारे ३०० पत्रे ज्ञात आहेत. सिद्धांत प्रकाशित होण्यापूर्वीच, ५ सप्टेंबर १८५७ रोजी, डार्विन यांनी त्याची रूपरेषा ग्रे यांना लिहून कळविली. आल्फ्रेड रसेल वॉलेस यांचा निबंध १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत वाचला गेला, तेव्हा या पत्रातील उताराही सादर करण्यात आला. वॉलेस यांचा निबंध येण्यापूर्वीच डार्विन यांनी हा विचार मांडला होता, याचा तो लेखी पुरावा ठरला.

१८५९ साली ग्रे यांनी जपानच्या वनस्पतींवर महत्त्वाचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. जपानमधील अनेक वनस्पतींचे आप्त पश्चिम अमेरिकेपेक्षा दूरच्या पूर्व अमेरिकेत अधिक आढळतात, असे त्यांनी दाखविले. उष्ण हवामानाच्या काळात उत्तरेकडे सलग पसरलेल्या समान पूर्वजांचे वंशज हिमयुगामुळे दक्षिणेकडे ढकलले जाऊन विलग झाले, असे त्याचे स्पष्टीकरण त्यांनी दिले. प्रत्येक जाती ईश्वराने तिच्या आजच्या प्रदेशातच स्वतंत्रपणे निर्माण केली, असे मानणारे त्यांचे हार्वर्डमधील सहकारी लुई अगासी यांच्याशी त्यामुळे जाहीर वाद झाला. अगासी मानवी वंशांचीही निर्मिती स्वतंत्र मानीत. ग्रे सर्व मानवांचे मूळ एकच मानीत. गुलामगिरीच्या प्रश्नावरून अमेरिका यादवीच्या उंबरठ्यावर असताना या मतभेदाला सामाजिक अर्थही होता.

‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ प्रसिद्ध होताच ग्रे यांनी मार्च १८६० मध्ये त्याचे सविस्तर परीक्षण लिहिले. आंतरराष्ट्रीय स्वामित्वहक्काचा कायदा नसतानाही अमेरिकन आवृत्तीच्या प्रकाशकाकडून डार्विन यांना मानधन मिळावे, अशी व्यवस्था त्यांनी केली.

ईश्वर व उत्क्रांतीविषयी विचार

१८६० साली ‘अटलांटिक मंथली’ या मासिकात ग्रे यांनी तीन लेख लिहिले. नैसर्गिक निवड ही ईश्वराच्या अस्तित्वाशी विसंगत नाही, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. एखादी घटना कोणत्या नैसर्गिक कारणांनी घडली हे समजले, म्हणून तिच्यामागे हेतू नाही असे सिद्ध होत नाही. ग्रहांच्या गतीचे नियम कळल्याने जशी श्रद्धा संपली नाही, तशीच ती जीवांच्या उत्पत्तीचा नियम कळल्यानेही संपणार नाही, अशी त्यांची मांडणी होती. हे लेख डार्विन यांना इतके पटण्याजोगे वाटले की, १८६१ साली त्यांची पुस्तिका काढण्याच्या खर्चाचा वाटा त्यांनी उचलला आणि इंग्लंडमध्ये ती स्वतः वाटली.

तथापि एका मूलभूत मुद्द्यावर दोघांचे एकमत झाले नाही. नैसर्गिक निवड उपलब्ध भेदांतून टिकाऊ ते राखते. पण मुळात भेद निर्माण का होतात, हे त्या काळी अज्ञात होते. पाटाने पाणी वळवावे त्याप्रमाणे ईश्वर हे भेद हितकारक दिशेने नेत असावा, असे ग्रे यांनी सुचविले. डार्विन यांना ते मान्य नव्हते. सुरवंटाच्या जिवंत शरीरावर आपली पिल्ले पोसणाऱ्या गांधीलमाशीसारख्या कीटकांची योजना दयाळू ईश्वराने केली असेल, हे मानणे आपल्याला जड जाते, असे त्यांनी १८६० साली ग्रे यांना कळविले होते. १८६८ साली पाळीव प्राणी व वनस्पतींवरील ग्रंथाच्या शेवटी त्यांनी कड्यावरून कोसळलेल्या दगडांचा दृष्टांत दिला. गवंडी अशा दगडांतून घर बांधतो, म्हणून प्रत्येक दगडाचा आकार त्या घरासाठीच ठरवला होता असे म्हणता येत नाही. भेद आधीच ठरलेले असतील तर निवडीला काही अर्थच उरत नाही, असा या युक्तिवादाचा रोख होता.

या आक्षेपाचे निर्णायक उत्तर ग्रे देऊ शकले नाहीत, मात्र त्यांनी आपली भूमिकाही सोडली नाही. धर्मशास्त्रज्ञ चार्ल्स हॉज यांनी १८७४ साली डार्विनवाद म्हणजे नास्तिकताच, असा निष्कर्ष काढला; ग्रे यांनी त्याचा प्रतिवाद केला. अवयवांच्या उपयुक्ततेकडे पुन्हा लक्ष वेधून डार्विन यांनी हेतुविचाराला विज्ञानात स्थान मिळवून दिले, असे त्यांचे मत होते. ‘डार्विनियाना’ (१८७६) या लेखसंग्रहात त्यांनी स्वतःला विज्ञानात डार्विनवादी व धर्मात नायसीन श्रद्धासूत्र मानणारा ख्रिस्ती म्हणवून घेतले. येल विद्यापीठाच्या धर्मशास्त्र विभागात दिलेली त्यांची व्याख्याने १८८० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

मतभेदांमुळे मैत्रीत अंतर पडले नाही. फुलांच्या विविध रूपांवरील आपला १८७७ सालचा ग्रंथ डार्विन यांनी ग्रे यांना अर्पण केला.

उत्तरायुष्य व वारसा

१८७७ साली ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर यांच्यासह ग्रे यांनी पश्चिम अमेरिकेचा अभ्यासदौरा केला. १८८७ साली ऑक्सफर्ड, केंब्रिज व एडिंबरा या विद्यापीठांनी त्यांना सन्माननीय पदव्या दिल्या. मायदेशी परतल्यावर त्यांना पक्षाघाताचा झटका आला व त्यातच त्यांचे निधन झाले. कोलोरॅडोतील ग्रेज पीक या शिखराला त्यांचे नाव आहे. शेजारील शिखर त्यांचे गुरू टॉरी यांच्या नावाने ओळखले जाते.

भेदांमागील आनुवंशिक कारणे विसाव्या शतकात उलगडल्यावर ग्रे यांची दिशादर्शित भेदांची कल्पना जीवशास्त्रात टिकली नाही. कारणांचा शोध आणि हेतूचा प्रश्न हे दोन भिन्न प्रश्न आहेत, हा त्यांचा मुद्दा मात्र श्रद्धा व उत्क्रांती यांविषयीच्या चर्चेत आजही विचारात घेतला जातो.