इजिप्तचे तपस्वी संत अँटनी

संत अँटनी हे नाव गोमंतकात कोणास ठाऊक नाही? शिवोलीचे प्रसिद्ध चर्च याच नावाने ओळखले जाते. परंतु ते संत अँटनी तेराव्या शतकातील, पादुआचे. लिस्बन शहरी जन्मलेल्या त्या साधूने १२२० साली फ्रान्सिस्कन संघात प्रवेश करताना एका प्राचीन तपस्व्याचे नाव धारण केले. तो तपस्वी म्हणजे इजिप्तचे संत अँटनी. त्यांचेच चरित्र आम्ही येथे सादर करीत आहोत.

इ. स. २५१ च्या सुमारास इजिप्तमधील एका सधन ख्रिस्ती कुटुंबात अँटनींचा जन्म झाला. शाळेच्या विद्येत त्यांचे मन कधी रमले नाही. ते अठरा-वीस वर्षांचे असताना आईवडील निवर्तले आणि धाकट्या बहिणीचा व सुमारे २०० एकर सुपीक जमिनीचा भार त्यांच्यावर पडला. पुढे सहा महिन्यांच्या आतच चर्चमध्ये चाललेले शुभवर्तमानाचे वाचन त्यांच्या कानी आले. ज्यास पूर्णत्व हवे त्याने आपले सर्वस्व विकून गोरगरिबांस द्यावे, हा ख्रिस्ताचा उपदेश त्यांना जणू आपल्यालाच उद्देशून वाटला. त्यांनी जमीन गावकऱ्यांस देऊन टाकली, चीजवस्तू विकून पैसा गरिबांत वाटला आणि बहिणीपुरते थोडे मागे ठेवले. काही काळाने तेही वाटून टाकले व बहिणीस व्रतस्थ स्त्रियांच्या स्वाधीन केले.

येथे आमचे मन क्षणभर अडखळते. स्वतःचे सर्वस्व देणे समजते. पण पोरक्या बहिणीचा आधारही द्यावा काय? चरित्रकार त्याचा खुलासा करीत नाही. वृद्धापकाळी बहीणभावांची भेट झाली तेव्हा ती स्वतः इतर व्रतस्थ स्त्रियांची मार्गदर्शक झालेली होती, एवढे मात्र तो सांगतो.

प्रथम अँटनी गावाच्या वेशीबाहेर राहिले. हातांनी श्रम करावे, मिळेल त्यातून भाकरीपुरते ठेवून उरलेले गरजूंस द्यावे, असा त्यांचा क्रम होता. पुढे पस्तिशीच्या सुमारास नाईल ओलांडून त्यांनी एका ओसाड गढीत स्वतःस कोंडून घेतले. तेथे वीस वर्षे गेली. वर्षातून दोनदा लोक त्यांना भाकरी पोहोचवीत. अखेर भक्तांनी दार मोडले, तेव्हा आतून कृश वा भ्रमिष्ट नव्हे, तर निरोगी शरीराचा व शांत चित्ताचा पुरुष बाहेर आला. त्यांचे पाहून अनेकांनी वाळवंटात झोपड्या बांधल्या.

एकांत प्रिय असला तरी परदुःखाकडे त्यांनी पाठ फिरविली नाही. ३११ साली ख्रिस्ती लोकांचा छळ चालू असता ते अलेक्झांड्रियास गेले आणि तुरुंगांत व खाणींत खितपत पडलेल्या धर्मबांधवांची त्यांनी सेवा केली. साधूंनी नगर सोडावे, असा न्यायाधीशाचा हुकूम सुटताच इतर लपले; अँटनी मात्र आपले वस्त्र स्वच्छ धुऊन दुसऱ्या दिवशी त्याच्या दृष्टीस पडेल अशा जागी उभे राहिले.

लोकांची गर्दी वाढू लागली तेव्हा ते तांबड्या समुद्राजवळच्या डोंगरात निघून गेले. आपल्या अन्नाचे ओझे कोणावर पडू नये म्हणून तेथे ते स्वतः गहू पिकवीत आणि येणाऱ्या पांथस्थांसाठी भाजीपाला लावीत. सम्राट कॉन्स्टंटाइनचे पत्र आले तेव्हाही ते हुरळून गेले नाहीत.

३५६ साली त्यांनी देह ठेवला; परंपरेने त्यांचे वय १०५ वर्षे सांगितले जाते. त्या काळी इजिप्तमध्ये साधुपुरुषांचे देह घरात जपून ठेवीत. ते त्यांना मान्य नव्हते; म्हणून आपणास गुप्तपणे पुरावे, असे त्यांनी दोन शिष्यांस बजावले. परंतु बिशप अथेनेशियस यांनी लिहिलेल्या चरित्रामुळे त्यांची कीर्ती दूरवर पसरली. शतकांनंतर त्यांच्या म्हणून मानल्या गेलेल्या अस्थींच्या दर्शनास फ्रान्समध्ये यात्रेकरूंची रीघ लागली. १७ जानेवारीस त्यांचा स्मरणदिन पाळला जातो आणि त्या डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या मठात कॉप्टिक साधू आजही राहतात.

ज्याने आपली समाधीही लपविली, त्यास जग विसरले नाही. आम्हा विद्यार्थ्यांस वाळवंटात जावयाचे नाही. परंतु स्वतःच्या श्रमाची भाकरी खावी, तीतील वाटा दुसऱ्यास द्यावा आणि संकटात सापडलेल्या माणसापासून दूर पळू नये, एवढे तरी आम्ही या चरित्रातून खचितच घेऊ शकतो.