शोल्सची उलटसुलट अक्षरे

परवा पुण्याला भाचीकडे उतरलो होतो. ती एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि आठवड्यातले दोन दिवस घरूनच काम करते. सकाळी चहाचा कप घेऊन तिच्या मागे उभा राहिलो, तर बाईसाहेब काम सोडून कीबोर्डच्या कळा बदलत बसलेल्या! कळा म्हणजे खऱ्या नव्हेत. कोणती कळ दाबली की काय व्हावे, एवढेच. प्रोग्राम लिहिताना केलेला प्रत्येक बदल ‘गिट’ नावाच्या व्यवस्थेत नोंदवावा लागतो, त्या नोंदीला कमिट म्हणतात. दुकानदाराच्या रोजकीर्दीसारखेच ते. कोणी, कधी, काय बदलले हे त्यात राहते आणि चुकले तर मागच्या पानावर परतता येते. दिवसातून वीसपंचवीस वेळा माऊसकडे हात न्यायचा तिला कंटाळा. म्हणून कंट्रोल, ऑल्ट आणि सी या कळा एकत्र दाबल्या की कमिट, असे तिने ठरवून टाकले. आधी निवडलेल्या कळा दुसऱ्याच कामाला बांधलेल्या निघाल्या, म्हणून ही जुळणी. पाच मिनिटांचा मामला.

मला आठवला तो क्रिस्टोफर लॅथम शोल्स. कळांची जागा बदलायला त्या माणसाला उरलेले आयुष्य पुरले नाही.

शोल्सचा जन्म 14 फेब्रुवारी 1819 चा, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया प्रांतातला. लहानपणीच छापखान्यात उमेदवारी केली आणि अठराव्या वर्षाच्या सुमारास तो विस्कॉन्सिनला गेला. तिथे वर्तमानपत्र चालवले, विधिमंडळात निवडून आला. त्याचे एक काम टाइपरायटरच्या आवाजात बुडून गेले आहे. 1851 साली केनोशा गावात बायकोच्या खुनाबद्दल एकाला जाहीर फाशी दिली. हजारोंची गर्दी जमली, आणि तो माणूस कित्येक मिनिटे जिवंत लटकत राहिला. शोल्सच्या पत्राने त्यावर कडाडून टीका केली. पुढे सभागृहात त्याने हा प्रश्न लावून धरला आणि 1853 साली विस्कॉन्सिनने फाशीची शिक्षाच रद्द केली. हे एकच काम करून तो गेला असता तरी त्याचे नाव घ्यावे लागले असते.

पण मूळचा छापखान्यातला माणूस, हात स्वस्थ बसेनात. मिलवॉकीच्या एका यंत्रशाळेत तो सॅम्युअल सूले या मित्राबरोबर पुस्तकांच्या पानांवर आकडे छापणारे यंत्र करीत होता. शेजारी कार्लोस ग्लिडन नांगराच्या यंत्राशी झटत असे. आकडे छापता, मग अक्षरे का नाही, असे त्याने सहज विचारले. 1867 साली शोल्सने तारायंत्राची कळ घेऊन एकच अक्षर उमटवून दाखवले, डब्ल्यू! जून 1868 मध्ये तिघांना पेटंट मिळाले. त्या पहिल्या यंत्राच्या कळा पियानोसारख्या होत्या आणि अक्षरे जवळजवळ वर्णक्रमाने.

इथे जेम्स डेन्समोर नावाचा गृहस्थ आला. यंत्र न बघताच त्याने आधीच्या खर्चाचे सहाशे डॉलर देऊन चौथा हिस्सा घेतला. आणि बघितल्यावर, हे कुचकामी आहे, असे तोंडावर सांगितले. सूले आणि ग्लिडन हळूहळू बाजूला झाले. डेन्समोर मात्र शोल्सच्या मानगुटीवरून उतरला नाही. यंत्रे वॉशिंग्टनच्या जेम्स क्लेफन या लघुलेखकाकडे तपासणीला जात. हा पठ्ठ्या एकामागून एक यंत्रे मोडून दोषांच्या याद्या परत पाठवी. शोल्स वैतागे, चिडे, पण पुन्हा नवा नमुना करी. त्याच्याजवळ गिट असते, तर त्या पाच वर्षांची रोजकीर्द केवढी झाली असती!

याच खटाटोपात अक्षरे इकडची तिकडे गेली. अक्षरांचे दांडे खाली गोलाकार टांगलेले असत, ते वर उसळून कागदाच्या खालच्या बाजूवर आपटत. शेजारचे दोन दांडे पाठोपाठ उठले की अडकत, म्हणून जोडीने येणारी अक्षरे दूर ठेवली, असे आपण ऐकत आलो. क्योटो विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी 2011 साली याला हरकत घेतली. त्यांच्या मते ही मांडणी तारमास्तरांच्या सोयीने घडत गेली. मला वाटते, दोन्हींचा थोडा थोडा हात असावा. 1873 साली बंदुका आणि शिवणयंत्रे करणाऱ्या रेमिंग्टन कंपनीशी करार झाला. शोल्सने आपले हक्क बारा हजार डॉलरला एकरकमी विकले. डेन्समोरने प्रत्येक यंत्रामागे हिस्सा घेतला. कोण शहाणा ठरला, हे सांगायला नको. 1874 साली यंत्र बाजारात आले. किंमत 125 डॉलर, फक्त मोठी अक्षरे, शिवणयंत्रासारखे पायटे, वर फुलांची नक्षी. 1878 च्या दुसऱ्या यंत्रात शिफ्टची कळ आली, तेव्हा कुठे खप वाढला.

शोल्सला क्षयाने गाठले होते. तरी तो सुधारणा करीतच राहिला. 1889 साली त्याने एका नव्या यंत्राचे पेटंट मागितले, त्यात अक्षरांची मांडणीच वेगळी होती. स्वतःची मांडणी स्वतःच मोडायला निघाला होता तो! 17 फेब्रुवारी 1890 रोजी मिलवॉकीत तो वारला. पेटंट 1896 साली हाती आले, पण तोवर हजारो बोटांना जुनी वाट पाठ झाली होती. ती आता कोण सोडणार?

शेवटच्या दिवसांत त्याला एका गोष्टीचे समाधान होते म्हणतात. कष्ट उपसणाऱ्या बायकांना या यंत्राने पोट भरण्याची एक बरी वाट दिली. त्याची मुलगी लिलियन त्याच्या यंत्रावर बसलेली आहे, असे 1872 चे छायाचित्र प्रसिद्ध आहे.

हे वाचले की मला आमची ताई दिसते. वडील गेले तेव्हा ती मॅट्रिक झालेली, आम्ही दोघे धाकटे. पहाटे सहाच्या बॅचला ती टायपिंगच्या क्लासला जाई, कळांवर फडके टाकून सराव करी. चाळीसच्या स्पीडची परीक्षा पास झाली आणि एका कचेरीत चिकटली. माझ्या कॉलेजची फी त्या दहा बोटांनी भरली.

त्या दिवशी ताई तिथेच होती. भाची तिचीच मुलगी. मुलगी आंघोळीला गेल्यावर ताई खुर्चीत बसली, चष्मा काढून ठेवला आणि सरावाचे जुने इंग्रजी वाक्य खडाखड टाइप केले. एकही चूक नाही. बाहेर आल्यावर भाचीने पडद्यावर पाहिले, आणि हसत हसत आपल्या तीन कळा दाबून ते वाक्य आईच्या नावाने कमिट करून टाकले.